गाव सुटलं, वही तिकडेच राहिली: अमेरिका सोडताना क्रेडिट कार्ड आणि पॉइंटांचं काय करायचं?

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची घोषणा झाली आणि न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. कोण राहणार, कोण परतणार, मुलांच्या शाळा, घराचं कर्ज. तिसऱ्या दिवशी एकीने विचारलं, "कार्डांचं काय करायचं गं? पॉइंट साठलेत, आणि एका नव्या कार्डाची ऑफर पण आलीय. जायच्या आधी घेऊन टाकू का?"

त्या ग्रुपमधून आधीच पुण्याला परतलेलं घर आमचं, म्हणून प्रश्न माझ्याकडे वळला. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं, ते इथे नीट मांडते आहे. या बाबतीत बहुतेकांचं नुकसान माहिती नसल्यामुळे होतं, आणि ती माहिती तशी अवघड नाही.

वाण्याची वही

पूर्वी गावात वाण्याकडे प्रत्येक घराची उधारीची वही असायची. कोण एक तारखेला हिशेब चुकता करतो, कोण दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवतो, सगळं त्यात. नवं उधार द्यायचं की नाही हे तो वही उघडून ठरवायचा. अमेरिकेत ही वही तीन कंपन्या ठेवतात: इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन. वही म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, आणि ती वाचून दिलेले गुण म्हणजे क्रेडिट स्कोअर. सगळ्यांत जास्त चालणारा फायको स्कोअर ३०० ते ८५० मध्ये असतो. त्यातला ३५ टक्के भाग बिलं वेळेवर भरण्याचा, ३० टक्के उधारी किती वापरली आहे याचा, १५ टक्के खाती किती जुनी आहेत याचा. उरलेले दहा-दहा टक्के नव्या अर्जांचे आणि उधारीच्या प्रकारांचे.

ही वही गावाची असते. गाव बदललं की नवा वाणी ओळख दाखवत नाही. अमेरिकेत दहा वर्षं एकही बिल न चुकवलेला माणूस पुण्यात बँकेत जातो तेव्हा भारतात अशी वही ठेवणाऱ्या सिबिलच्या लेखी त्याची पाटी बरीचशी कोरी असते. सिबिलचे गुण ३०० ते ९०० असतात आणि त्यात अमेरिकेतलं काही धरलं जात नाही. ट्रान्सयुनियन हे नाव दोन्हीकडे दिसलं तरी वह्या वेगळ्याच.

पण तुम्ही निघून गेलात म्हणून जुनी वही कुणी फाडत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला तुमचा सरकारी ओळख क्रमांक, आयुष्यभर तुमचाच राहतो. चांगल्या स्थितीत बंद केलेलं खातंसुद्धा दहा वर्षांपर्यंत रिपोर्टवर दिसू शकतं. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परत जायची थोडी जरी शक्यता असेल, तर या वहीची किंमत पॉइंटांहून कितीतरी जास्त आहे. मी पुढे जे सांगणार आहे ते याच हिशेबाने.

पॉइंट येतात कुठून?

तुम्ही १०० डॉलरची खरेदी कार्डावर केली की अमेरिकेतल्या दुकानदाराच्या हातात साधारण ९७-९८ डॉलर पडतात. कापलेल्या पैशातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. त्याला इंटरचेंज म्हणतात. त्यातलाच काही भाग बँक तुम्हाला पॉइंटांच्या रूपाने परत देते. शिवाय जे लोक बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्याकडून वर्षाला वीस टक्क्यांच्या वर व्याज येतं, तो पैसाही यात असतो. म्हणून बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत नसेल तर पॉइंटांच्या मागे लागण्यात काहीच अर्थ नाही.

युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डावरच्या इंटरचेंजला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि तिथली कार्डं पॉइंटांच्या बाबतीत रोडावली. अमेरिकेतून बदली होऊन ॲमस्टरडॅम किंवा फ्रँकफर्टला गेलेली मंडळी जुनी अमेरिकन कार्डं जपून ठेवतात त्याचं कारण हेच. भारतात २०२० च्या जानेवारीपासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्क नाही, पण क्रेडिट कार्डावर आहे. म्हणून इथल्या क्रेडिट कार्डांवर अजून बऱ्यापैकी पॉइंट मिळतात.

नव्या कार्डाची खरी ओढ असते स्वागत बोनसची. समजा अट आहे: पहिल्या तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च करा, ६०,००० पॉइंट घ्या. पॉइंटाला एक सेंट धरला तर रोख ६०० डॉलर झाले. एवढ्या रकमेसाठी माणूस अर्ज करणारच, त्यात गैर काही नाही. अडचण सुरू होते ती अर्जदार अमेरिकेत राहत नसतो तेव्हा.

अर्जात बँक नेमकं काय तपासते?

तीन गोष्टी. तुम्ही कोण, राहता कुठे, आणि फेडणार कशातून.

पहिल्या दोन गोष्टी विचारायला कायद्याने भाग पाडलं आहे. २००१ च्या पेट्रियट ॲक्टनंतर खातं उघडताना बँकेला नाव, जन्मतारीख, ओळख क्रमांक आणि राहता किंवा व्यवसायाचा पत्ता घ्यावाच लागतो. टपालपेटीचा नंबर इथे चालत नाही. अर्जावर म्हणूनच दोन वेगळे रकाने असतात: राहता पत्ता आणि टपालाचा पत्ता. पुढचा सगळा घोळ हे दोन रकाने एकच समजल्यामुळे होतो.

तिसरा प्रश्न २००९ च्या कार्ड ॲक्टमुळे येतो. अर्जदाराची फेडण्याची ऐपत बँकेने बघितलीच पाहिजे. वय २१ च्या पुढे असेल तर जोडीदाराचं जे उत्पन्न तुम्हाला खरोखर वापरायला मिळतं तेही धरता येतं. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, घरी असलेल्या बायकांना हे माहीत नसतं, त्यांनी लक्षात ठेवावं. नागरिकत्व किंवा व्हिसाची स्थिती विचारण्याचाही बँकेला अधिकार आहे.

अर्ज केला की बँक वही उघडून बघते आणि तशी नोंद वहीत होते. ती दोन वर्षं दिसते, फायकोचे गुण मात्र फक्त एक वर्षच तिचा विचार करतात. अर्ज नाकारला तर कारण कळवणं बँकेला बंधनकारक आहे. ते पत्र नीट वाचा, 'पत्ता पडताळता आला नाही' असं त्यात असेल तर तोच अर्ज पुन्हा करून उपयोग नसतो.

"नणंदेचा पत्ता दिला तर काय बिघडलं?"

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा आला आहे. आमची स्वतःची गोष्ट सांगते.

परतताना आम्ही सगळ्या बँकांना टपालाचा पत्ता म्हणून माझ्या धाकट्या नणंदेचा पत्ता कळवला. एक बँक राहून गेली. सहा महिन्यांनी त्या बँकेने मुदत संपलेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड आमच्या जुन्या अपार्टमेंटवर पाठवलं. पोस्टात पत्ताबदल नोंदवलेला होता, पण कार्डाची पाकिटं पोस्टाने पुढे न पाठवता परत करावीत अशी सूचना बँका त्यांच्यावर छापतात. पाकीट बँकेत परत गेलं आणि खातं गोठलं. उघडायला जुन्या अमेरिकन नंबरवर येणारा कोड हवा होता, आणि तो नंबर आम्ही महिन्याचे पंधरा डॉलर वाचवायला सोडून दिलेला. फोनवरची बाई सौजन्याने बोलत होती, पण तिचं उत्तर एकच होतं: शाखेत या. पुण्याहून. पाच आठवडे रात्री-अपरात्री फोन करून शेवटी ओळखपत्रांच्या प्रती पाठवल्या तेव्हा खातं उघडलं. ८२,००० पॉइंट तोवर अडकून पडले होते.

नंतरचं कार्ड नणंदेकडे पोचलं. तिचा व्हिडिओ कॉल आला, खिडकीचं पांढरं पाकीट अंगठ्याने चाचपत म्हणाली, "वहिनी, आत कडक काहीतरी लागतंय, कार्डच असणार. उघडू का?" तिच्याकडून ते एका पाहुण्यांबरोबर पुण्याला आलं.

तर, *जुन्या* कार्डासाठी नणंदेचा पत्ता टपालाचा पत्ता म्हणून देण्यात काहीच गैर नाही. तुमचं टपाल खरोखरच तिथे जातं. काही बँका चालू खातेदाराचा परदेशी पत्ताही नोंदवून घेतात, काही घेत नाहीत, ते विचारून घ्यावं. पण *नव्या* कार्डाच्या अर्जात राहत्या पत्त्याच्या रकान्यात एडिसन लिहिलं आणि तुम्ही राहता पुण्यात बाणेरला, तर ते खोटं विधान झालं. बँकेकडून कर्ज किंवा उधारी मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. त्यांच्या संहितेच्या अठराव्या शीर्षकातल्या कलम १०१४ मध्ये त्याला दहा लाख डॉलरपर्यंत दंड, तीस वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलं आहे. एवढ्यापर्यंत गेलं नाही तरी बँक खातं बंद करून पॉइंट काढून घेऊ शकते.

"सगळेच करतात," असं म्हणतात लोक. करत असतील. पण ज्याला पुढे कधी व्हिसाचा किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा आहे त्याने ६०० डॉलरसाठी आपल्या सहीचं एक खोटं विधान तिकडे ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात नणंदेचं घरही विनाकारण गुंततं.

टपाल घेऊन स्कॅन करून पाठवणाऱ्या व्यावसायिक सेवा मिळतात. पोस्टाचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म भरून त्या सुरू होतात आणि टपालासाठी उत्तम आहेत. पण असे पत्ते पोस्टाच्या यादीत व्यावसायिक म्हणून नोंदलेले असतात. राहता पत्ता म्हणून टाकलात तर बँकेची प्रणाली ते ओळखू शकते.

फोन नंबर: छोटी गोष्ट, मोठा अडथळा

पत्त्यानंतर सगळं अडतं ते नंबरावर. अमेरिकेतला सगळ्यांत स्वस्त प्लॅन घेऊन नंबर चालू ठेवा आणि वाय-फाय कॉलिंग (म्हणजे वाय-फायवरून फोन आणि मेसेज येण्याची सोय) निघण्याआधी, तिकडे असतानाच सुरू करून दोनदा तपासा. ते चाललं की पुण्यात बसूनही बँकेचा कोड येतो. नंबर गूगल व्हॉइस या इंटरनेटवरच्या फोनसेवेवर नेता येतो, त्याला एकदाच वीस डॉलर पडतात, पण इंटरनेटवरच्या अशा नंबरांवर अनेक बँका कोड पाठवत नाहीत. एकाच नंबरवर सगळं टांगून ठेवण्यापेक्षा ईमेल आणि बँकेचं ॲप हे दुसरे मार्गही आधीच नोंदवून ठेवावेत.

मग अर्ज करायचा कधी?

निघण्याच्या बऱ्याच आधी. तुम्ही खरोखर तिथे राहता, पगार तिथे मिळतो, कार्ड हातात येतं आणि रोजच्या खर्चातूनच बोनसची अट पुरी होते, असा काळ म्हणजे निघण्यापूर्वीचे सहा महिने ते वर्ष. सामान पाठवणं, विमानाची तिकिटं, शेवटच्या भेटवस्तू असे मोठे खर्च तसेही तेव्हाच होतात. त्यासाठी एखादं कार्ड घेणं शहाणपणाचं आहे.

इथे दोन-तीन नियम आडवे येतात. चेस बँकेचा '५/२४' नावाने ओळखला जाणारा नियम बँकेने कुठे छापलेला नाही, पण अर्जदारांना त्याचा अनुभव आहे: गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच किंवा जास्त नवी कार्डं घेतली असतील तर चेस सहसा नाकारते. म्हणून चेसचं हवं असेल तर ते आधी. अमेरिकन एक्सप्रेस एखाद्या कार्डाचा बोनस साधारणपणे आयुष्यात एकदाच देते. शिवाय ते कार्ड वर्षाच्या आत बंद केलंत तर बोनस काढून घेण्याची अट तिच्या नियमांत असते. म्हणजे निघताना घेतलेलं कार्ड किमान वर्षभर, वार्षिक फीसकट, पुण्यातून सांभाळायची तयारी हवी.

आणि नोकरी अचानक गेली असेल तर? एच-वन-बीवर नोकरी सुटल्यापासून साधारण ६० दिवसांची सवलत असते. बोनसची मुदत असते तीन महिने. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर मिळतं. शिवाय गेलेल्या नोकरीचा पगार चालू उत्पन्न म्हणून लिहिता येत नाही. अशा दिवसांत माणसाच्या डोक्यावर आधीच खूप असतं, नव्या कार्डाचा विचार तेव्हा सोडून द्यावा. सवलतीचे ते दिवस जुन्या खात्यांचे पत्ते-नंबर नीट करण्यात घालवा.

"म्हणजे परतल्यावर अर्ज करताच येत नाही?"

येतो, खरी उत्तरं खरी राहत असतील तर. वर्षातले काही महिने अमेरिकेतल्या आपल्या घरी राहणारे, तिथे कर भरणारे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक यांचा राहता पत्ता खराच असतो. मुलाकडे सहा-सहा महिने राहणाऱ्या नागरिक आई-वडिलांचंही तसंच. ज्याचं घर, पगार आणि व्हिसा तिन्ही संपलं आहे, त्याच्यासाठी मात्र हे दार बंद झालं असं समजावं.

शिवाय व्यवहाराचाही प्रश्न आहे. पुण्यात ४,००० डॉलर, म्हणजे तीन लाखांवर रुपये, अमेरिकन कार्डावर तीन महिन्यांत खर्चायचे कुठे? भाजी, रिक्षा, वाणसामान, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं यूपीआयवर चालतं, आणि अमेरिकन कार्ड यूपीआयला जोडता येत नाही. कार्डावर परकीय चलनाची फी असेल तर ती साधारण तीन टक्के. पॉइंटांची कमाई त्यातच विरते.

जुनी कार्डं बंद करायची का?

सगळी नाही. सर्वांत जुनं, वार्षिक फी नसलेलं एखादं-दुसरं चालू ठेवा. फीवालं कार्ड असेल तर बंद करण्याआधी बँकेला विचारा की त्याच घराण्यातल्या बिनफीच्या कार्डात बदलून मिळेल का. खातं तेच राहतं, जुनेपणा टिकतो आणि सहसा नवा अर्ज धरला जात नाही.

ठेवलेलं कार्ड कपाटात निजवून चालत नाही. वापर नसलेलं खातं बँक बंद करू शकते, आणि निष्क्रियतेमुळे बंद करताना नाकारण्याचं ते रीतसर पत्र पाठवण्याचं बंधनही तिच्यावर नाही. आम्ही एका कार्डावर क्लाउड स्टोरेजची महिन्याची छोटी रक्कम लावून ठेवली आहे आणि बिल अमेरिकेतल्या बँक खात्यातून आपोआप पूर्ण भरलं जातं. त्या खात्यात पैसे आहेत ना, हे मात्र बघत राहावं लागतं. बिल ३० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते वहीत लागतं आणि सात वर्षं दिसतं. दोन डॉलरच्या थकबाकीनेही हे होऊ शकतं.

पॉइंटांचं म्हणाल तर ते कार्डाशी बांधलेले असतात. खातं बंद होण्याआधी ते वापरा किंवा विमान कंपनीच्या खात्यात हलवा. चेसचे पॉइंट, त्यासाठी पात्र कार्ड असेल तर, युनायटेड एअरलाइन्समध्ये एकास एक जातात. युनायटेडचे माइल्स २०१९ पासून कालबाह्य होत नाहीत. एअर इंडिया २०१४ पासून युनायटेडच्याच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्याने त्याच माइल्सवर एअर इंडियाचं तिकीटही काढता येतं. आमचे अडकलेले ८२,००० पॉइंट सुटल्याबरोबर मी हेच केलं. सासूबाईंच्या तिकिटाला ते कामी आले.

"सरळ इथलं कार्ड घ्या ना"

हे म्हणणं मला पटतं. रोजच्या वापराला भारतातलंच कार्ड हवं. सिबिल कोरं किंवा जुनाट असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, त्याने वही पुन्हा लिहायला सुरुवात होते. अमेरिकन एक्सप्रेसचे जुने ग्राहक असाल तर त्यांची एका देशातली ओळख दुसऱ्या देशातल्या अर्जात धरण्याची सोय आहे, तीही विचारून बघा. परदेशी खर्चाला मात्र भारतीय कार्डांवर सर्रास साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. तिथे परकीय चलनाची फी नसलेलं जुनं अमेरिकन कार्ड उपयोगी पडतं.

कराचं थोडक्यात. खर्चाच्या अटीवर मिळालेला कार्डाचा बोनस अमेरिकेत सहसा उत्पन्न न धरता सवलत धरला जातो. बँक खातं उघडल्याचा किंवा मित्राला कार्ड सुचवल्याचा बोनस मात्र उत्पन्न धरला जातो. तिकडे राहत असताना कमावलेले डॉलर तिकडच्या खात्यात ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या भारतीय कायद्याच्या कलम ६(४) ने मुभा आहे. पण इथे सर्वसाधारण निवासी झालात की ते खातं आयकर विवरणाच्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. परतीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत एकदा सीएकडे जाऊन आपली निवासी स्थिती ठरवून घ्या.

कुलूप

नवे अर्ज करायचे नाहीत असं ठरलं की तिन्ही कंपन्यांकडे आपली वही गोठवून ठेवा. २०१८ पासून हे फुकट आहे. मग तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर दुसऱ्या कुणाला नवं खातं उघडणं अवघड होतं, चालू कार्डांना काही होत नाही. दूर राहणाऱ्याला फसवणूक उशिरा कळते, म्हणून आपल्याला याची गरज जास्त. गोठवण्याचं काम निघण्याआधी तिकडूनच करा, कारण यातल्या काही वेबसाइट भारतातून उघडताना त्रास देतात. तिन्ही ठिकाणचे लॉगिन एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.